डोळे मिटून बघितलेली नाडी

आमच्या डॉक्टरांची नाडी बघायची रीत सगळ्या दिंद्रुडला ठाऊक आहे. मनगट हातात घ्यायचं, तीन बोटं टेकवायची आणि डोळे मिटून घ्यायचे. मग बराच वेळ काहीच घडत नाही. पंखा कुरकुरत फिरतो, बाहेर लिंबाखाली कुणाची तरी शेळी ओरडते, बाकावरची माणसं एकेक करून जांभया देऊ लागतात. डॉक्टर नाडी बघतात की डुलकी काढतात, यावर गावात माझ्या लहानपणापासून वाद आहे. माझे वडील म्हणायचे, दोन्ही करतेत आन् दोन्ही चांगलंच करतेत.

मला लहानपणी ताप फार यायचा, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडायचा. आमच्या घरात मेंढरं होती. त्यामुळे एरवी मला कुणी घरात बसू देत नसे, पाण्याला ने, कोकरं आवर, शेण काढ. ताप आला की मी घोंगडीवर पडून राहायची आणि सगळं घर जरा उंच उचलल्यासारखं वाटायचं. पत्र्याच्या भोकातून येणारा उन्हाचा गोल जमिनीवर सरकत सरकत माझ्या पायापर्यंत यायचा. मग कुठून तरी फटफटीचा आवाज, आईचं डोक्यावरचा पदर ओढणं, आणि माझ्या मनगटावर तीन थंड बोटं. त्या बोटांना स्पिरिटचा वास असायचा. डॉक्टर डोळे मिटायचे, मीही मिटायची, आणि आम्ही दोघं मिळून कुठंतरी निघून जायचो. परत आले की ते म्हणायचे, “ताप हाय, पोरी.” जणू मला ते माहीतच नव्हतं.

एकदा दवाखान्यात त्यांच्या हातून थर्मामीटर फुटला. शहाबादी फरशीवर पाऱ्याचे गोळे पळत सुटले, आणि त्यातला एक मी पकडला. तळहातावर तो थांबेना, चिमटीत येईना, आणि त्यात खिडकी दिसत होती, एवढुशी. डॉक्टरांनी माझा हात धरून कागदावर उलटा केला, साबणानं स्वतः धुतला आणि पाठीत एक धपाटा घातला. पारा विषारी असतो हे मला पुढं कळलं. तेव्हा फक्त इतकंच कळलं की या माणसाला माझा हात आपलाच वाटतो.

लग्न होऊन मी पाटोद्याकडं गेले आणि काही वर्षांनी एकटीच परत आले. नवरा वारला होता. मला आजार त्याच्याकडून आला का, त्याला कुठून आला, हे विचारायची लोकांना फार हौस असते. मला सांगायची हौस नाही. मेलेल्या माणसाची उलटतपासणी करून माझा ताप उतरणार नव्हता. आईवडीलही तोवर गेले होते. भाऊ मेंढरं घेऊन निम्मं वर्ष फिरतीवर. मी गल्लीत एक खोली घेतली, मशीन मांडलं आणि ब्लाऊज शिवायला लागले.

परत आल्यावर माझं वजन उतरत गेलं, तेव्हा रक्त तपासून घे म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यातून कागद मिळाला तो मी घरी न जाता थेट त्यांच्याकडं नेला. दुसऱ्या कुणाला दाखवणार? मला दात आले तेव्हापासून माझं सगळं त्यांनाच दाखवलेलं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, चष्मा काढून पुसला. चांगलंच बोलले. म्हणाले की आता गोळ्या निघाल्यात, वेळेवर घेतल्या तर माणूस साठी-सत्तरी गाठतं, साखरेच्या आजारासारखंच समजायचं. माझी गोष्ट त्यांच्या मुठीतच राहील असंही म्हणाले. बोलण्यात कुठं काही कमी नव्हतं. फक्त मी जायला उठले तरी त्यांनी माझी नाडी बघितली नव्हती.

पुढच्या खेपेला मी खोकला घेऊन गेले तर स्टूल जागेवर नव्हतं. नेहमी ते त्यांच्या खुर्चीला खेटून असायचं, गुडघ्याला गुडघा लागेल असं. आता ते टेबलाच्या पलीकडं, दाराजवळ. मला वाटलं झाडलोट करताना सरकलं असेल, म्हणून उचलून परत जवळ नेऊ लागले. “राहू द्या ताई, तिथंच बसा,” असं ते म्हणाले. लांबून चार प्रश्न विचारले, गोळ्या लिहिल्या, पुडी टेबलावर ठेवून बोटानं माझ्याकडं सरकवली. तोंडभर “ताई” आणि “तुम्ही.” धपाटा घालणारा माणूस मला पाहुण्यासारखा मान देत होता. घरी येऊन मी चूल पेटवली आणि तव्यावर भाकरी करपेपर्यंत रडले.

बाकीच्या डॉक्टरांचं मला वाईट वाटत नव्हतं, त्यांचा माझा काय संबंध. तालुक्याला एकानं कागद बघितल्यावर हात जोडले, आमच्याकडं सोय नाही म्हणाला. दात दुखला तेव्हा दुसऱ्यानं दुरूनच बॅटरी मारली आणि मोठ्या दवाखान्यात जा म्हणून सांगितलं. एक तर प्रेमळ होता, म्हणाला, माझं काही नाही हो, पण बाकीचे पेशंट यायचे बंद होतील. सगळे शिकलेले, सगळ्यांना माहीत असलेलं की हात लावल्यानं काही होत नाही, आणि सगळ्यांचा हात खिशात. साप म्हणून भुई धोपटावी तसं चाललेलं. जिल्ह्याच्या ठिकाणी गोळ्या देणारी बाई मात्र पहिल्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलली होती. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, शिंकल्यानं, खोकल्यानं हे पसरत नाही, असं तिनं मला लहान पोराला शिकवावं तसं दोन-दोनदा सांगितलं. पण ती पडली सरकारी माणूस, तिची बदली होणार. आमचे डॉक्टर माझे होते.

आणि माझं काम असं की मी दिवसभर बायकांना हात लावायची. टेप छातीभोवती न्यायचा, पाठीवरून खाली, दंडाला गुंडाळायचा. बायका हात वर करून उभ्या राहायच्या आणि मनातलं सांगायच्या. गल्लीतल्या एकूण एक बाईचं माप माझ्या बोटांना पाठ होतं. हे कळलं असतं तर उद्यापासून कुणी माझ्यापुढं हात वर केला नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडली की मशीन, खोली, गाव, काहीच राहणार नव्हतं. त्या दिवसांत मला एक स्वप्न पडायचं. मी सगळ्या गावाची मापं घेतेय, टेप पाऱ्याचा झालाय आणि हातात ठरत नाही. रांगेत शेवटी डॉक्टर उभे असायचे, आणि त्यांचं माप घ्यायच्या आधी मला जाग यायची.

आता त्या ताप बघायच्या कांडीचं सांगते. कापूस वेचणीचे दिवस होते. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायच्या आणि बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकून राहायचे. मला कणकण आली म्हणून मी दवाखान्यात गेले तर डॉक्टरांनी खणातून एक नवाकोरा थर्मामीटर काढला, डबीसकट. आता डिजिटलचे दिवस आलेत, पण त्यांचा विश्वास काचेवर. म्हणाले, “ताई, हा तुमच्याकडंच ठेवा. घरी ताप बघायचा आणि आकडा मला सांगायचा.” त्यांच्या टेबलावर पेल्यात औषधाच्या पाण्यात त्यांचा नेहमीचा थर्मामीटर बुडालेला होता, सगळ्या गावाच्या जिभेखाली जाऊन आलेला. माझ्यापुरता वेगळा. मी ती डबी पदरात बांधली आणि वेडी मी, अर्ध्या वाटेपर्यंत मला ती भेटच वाटली.

पण गल्लीला ती शेवटपर्यंत भेटच वाटली. शेजारच्या आत्यांनी डबी बघितली आणि डोळे मोठे केले. या आत्या म्हणजे माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारी म्हातारी, पोरगा-सून ऊसतोडीला गेलेली, नात यांच्याकडं. आमच्या गल्लीत एका घरातली वस्तू एका घराची राहत नाही. एकीचा पाटा, एकीची चाळण, एकीची शेवग्याची शेंग. डाक्टरनं स्वतःच्या हातानं कांडी दिली म्हणजे हिला काहीतरी कळतं, असं आत्यांनी ठरवलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीनंही ठरवलं. दुसऱ्या दिवशी नातीचं अंग गरम लागलं तशी आत्या दारात हजर. “ती ताप बघायची कांडी दे गं जरा.”

मी काय करणार? नाही म्हणावं तर कावून न्हाई, म्हणून कारण विचारणार. मला माहीत होतं की त्यानं कुणाला काही होत नाही, त्या गोळ्या देणाऱ्या बाईनं दोनदा सांगितलेलं. मी कांडी साबणानं धुतली, झटकली आणि दिली. मग ती फिरायलाच लागली. ज्या कांडीनं मला गावापासून वेगळं काढायचं होतं ती सगळ्या गावाच्या तोंडात गेली. परत आणून देताना कुणी वाटीभर भाजी आणायचं, कुणी सीताफळ. मशीनवर बसल्या बसल्या मला हसू यायचं. हे डॉक्टरांच्या कानावर गेलं तर काय, याचा विचार मी करत नव्हते. करवत नव्हता.

गेलंच ते. बाजाराचा दिवस होता, दवाखाना गच्च. मी खोकल्याच्या औषधासाठी दाराजवळच्या माझ्या स्टुलावर बसलेली. आत्या नातीला काखोटीला मारून आल्या, रांगेबिंगेची भीड न ठेवता पुढं गेल्या आणि मोठ्यानं सांगू लागल्या की पोरीला रातच्यापासून ताप आहे.

“एकशे दोन भरला बगा. शिवणवाल्या ताईच्या कांडीनं बघितला. समदी गल्ली तिचीच कांडी वापरती आता.”

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी आधी पोरीकडं बघितलं, मग सगळ्या डोक्यांवरून माझ्याकडं. “तोंडात ठेवली का काखंत?” असं त्यांनी हळूच विचारलं.

“तोंडात. शाणं हाय लेकरू, चावत न्हाई. कावून, काय झालं?”

पंखा कुरकुरत होता. बाकावरची सगळी माणसं डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होती आणि मी त्यांच्या ओठांकडं. त्यांनी नुसतं “आता वापरू नका” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आत्यांनी पुन्हा कावून म्हटलं असतं, बाजाराचा दिवस, दिवेलागणीच्या आत सिरसाळ्यापर्यंत बातमी गेली असती. माझ्या पिशवीत टेप होता, तो मी मुठीत घट्ट धरून बसले होते.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “काय न्हाई,” ते म्हणाले. “कांडी चांगली हाय. म्याच दिली ती. फकस्त साबणानं धुऊन वापरत जा, कुणाची बी असू द्या.” मग त्यांनी पोरीला जवळ ओढली, तिचं मनगट घेतलं आणि डोळे मिटले.

मी औषध न घेताच घरी आले. सुटले, असं वाटलं. आणि मग भात शिजत असताना मला असा राग आला म्हणता. त्या पोरीच्या बाबतीत या माणसाला क्षणभरात आठवलं की थर्मामीटरनं काही होत नाही. तिच्यासाठी ते ज्ञान डोक्यातून खाली उतरून ओठांवर आलं, आणि माझ्यासाठी इतके महिने ते पुस्तकातच पडून राहिलं होतं? माझं गुपित राखलं म्हणून मी त्यांचे पाय धरायला हवे होते. मला ते स्टूल त्यांच्या दारात नेऊन आपटावंसं वाटत होतं. त्या दिवसापासून मी दवाखान्याची पायरी चढायची नाही म्हणून कानाला खडा लावला.

दवाखान्यावरून जायची वेळ आली तर मी वळसा घालून जायची. थंडी सरली, लिंबाची पानं गळाली आणि परत आली. गोळ्या मी जिल्ह्याला जाऊन आणायची, वजन भरलं होतं. तिथल्या बाईनं सांगितलं की आता तपासणीत विषाणू सापडत सुद्धा नाही, इतका दबलाय. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. कुणाला, ते मला माहीत होतं, म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही.

मग गल्लीत तापाची साथ आली. घराघरातून माणसं पडली आणि मीही पडले, अशी की मशीनवरचा ब्लाऊज बाही न लावता तसाच राहिला. दुपार होती की सकाळ हे कळेना. खोली जरा उंच उचलली गेली होती, लहानपणच्यासारखी. पत्र्यातून उन्हाचा गोल आला होता आणि भिंतीवरून सरकत होता. मला मेंढरांचा वास येत होता, आमच्याकडं मेंढरं नसताना. आई पदर ओढतेय असं वाटलं, पण त्या आत्या होत्या, पाण्याची पट्टी ठेवत. कांडी शोधत होत्या आणि स्वतःशीच बडबडत होत्या, कांडी कुठं गेली, कोपऱ्यावरचीनं नेली, तिनं लेकीकडं सिरसाळ्याला धाडली. मग त्या दिसेनाशा झाल्या. कुठून तरी फटफटीचा आवाज आला, आणि तो खरा की तापातला हे ठरवत मी पडून राहिले.

डॉक्टर दारात उभे होते. फार म्हातारे दिसत होते, दवाखान्यात खुर्चीत असतात म्हणून ते कळत नसावं. आत्या चहा टाकते म्हणून आपल्या घरात गेल्या. डॉक्टर माझ्या उशाशी आले, बसायला काही नव्हतं, तर तसेच गुडघे मुडपून फरशीवर बसले, हाडं मोडल्याचा आवाज करत. बॅग उघडली. पितळी नळीतून त्यांचा थर्मामीटर काढला, तो जुना, आकडे पुसट झालेला. मी तोंड फिरवलं. म्हटलं, “माझी वेगळी कांडी हाय ना. ती सिरसाळ्याला गेलीय. आली की बघा.”

थर्मामीटर झटकायचा त्यांचा एक झटका असतो, तो त्यांनी दिला आणि हातात धरून थांबले. मग अगदी हळू म्हणाले, “तसल्या कांडीनं काय होत न्हाई, हे मला काय ठाव नव्हतं? शिकलेला माणूस हाय मी. पण तू आलीस की हात आपसूक मागं यायचा. त्या लेकराच्या तोंडात कांडी गेली म्हणल्यावर मी भ्यायला पाहिजे होतं. न्हाई भ्यालो. मग तुलाच कावून भ्यालो, तेवढंच इचारत बसलो रोज.”

“मग काय उत्तर आलं?” मी विचारलं.

“न्हाई आलं,” ते म्हणाले. “म्हणूनच यायला उशीर झाला. तोंड उघड.”

मी उघडलं. काच जिभेखाली गेली, थंड, स्पिरिटची चव लागलेली. तोंडात कांडी असताना बोलता येत नाही हे बरं झालं, कारण मला बरंच काही बोलायचं होतं आणि त्यातलं निम्मं चांगलं नव्हतं. काढून त्यांनी ती उजेडाला धरली, बघितली, बोळ्यानं पुसली आणि परत त्याच पितळी नळीत घातली. बॅगेत, बाकीच्या गावाच्या तापांबरोबर. मी त्या नळीकडं बघत होते, तोवर त्यांनी माझं मनगट उचललं.

तीन बोटं. पहिल्यासारखी थंड नव्हती, म्हातारपणानं कोरडी झालेली. ती आधी जरा अधांतरी राहिली, मग टेकली. डॉक्टरांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मला बघायचं होतं. भिंतीवरून गोल खाली आला आणि आमच्या दोघांच्या हातांवर बसला. विषाणू सापडत नाही म्हणून सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी तूर्त गिळलं. ते नंतर सांगता आलं असतं. ज्याला हे ऐकल्यावरच हात लावता येईल, असा माणूस मला आत्ता नको होता.

“ताप हाय, पोरी,” ते डोळे न उघडता म्हणाले.

मग पुढं काहीच नाही. आत्या चहाचे कप घेऊन आल्या, उंबऱ्यात थबकल्या आणि मला भुवयांनीच विचारलं, झोपले काय? डॉक्टरांची मान जराशी पुढं आली होती, श्वास संथ चालला होता. गावाचा वाद मला त्या घटकेला मिटवता आला असता, नुसता हात हलवायचा होता. मी हात तसाच ठेवला.